वाघाच्या पायाखालची माती
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत दिवाळीचा किल्ला सगळ्या पोरांचा मिळून असे. दगडविटा रचायच्या, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरायचे, उतारावर अळीव पेरायचे. चार दिवसांत हिरवळ उगवली की गुहेत मातीचा वाघ बसवायचा. गुहा करायचे काम माझ्याकडे असे.

पुढे शाळेची सहल मुंबईला गेली. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, काचेआड मला आमचा किल्लाच दिसला. फक्त वाघ खराखुरा होता, पेंढा भरलेला. पोरे वाघाचे दात बघत होती. मी मात्र त्याच्या पायाखालची माती बघत होतो. ती कोणी केली असेल?

पूर्वी पेंढा भरत ते शिकारीची आठवण म्हणून. संस्थानिकांच्या, साहेबांच्या बंगल्यांत चकचकीत फळीवर वाघाचे मुंडके लटकत असे. फळीवरचा वाघ शिकाऱ्याची गोष्ट सांगतो, स्वतःची नाही. अमेरिकेत कार्ल एकली नावाच्या कारागिराने १८९० साली मिलवॉकीच्या संग्रहालयात मस्करॅट हा पाणथळीतला प्राणी त्याच्या घरासकट, पाण्या-गवतासकट मांडला. अशा देखाव्याला संग्रहालयवाले डायोरामा म्हणतात.

मुंबईचे संग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. तिथला निसर्गविभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातून उभा राहिला. रोहित पक्षी, धनेश, गवा, वाघ, प्रत्येकाला त्याची त्याची जमीन मिळाली. १९२६ साली याच विभागात लोकांना माहिती सांगायची नोकरी एका तरुणाला लागली. त्याचे नाव सालिम अली.

ही जमीन करण्याची रीत आमच्या किल्ल्याहून फार वेगळी नाही. आधी लाकडी सांगाडा, त्यावर तारेची जाळी. जाळीवर प्लास्टरमध्ये बुडवलेले गोणपाट किंवा कागदाचा लगदा. तो वाळला की सरस लावून वर खरी माती चाळायची. माती आधी तापवून घ्यावी लागते, नाहीतर तिच्यातले किडे प्राण्याचे कातडे खातात. सुके गवत, काटक्या खऱ्या चालतात. हिरवे पान मात्र चालत नाही, ते सुकून मुरगळते. म्हणून खऱ्या पानाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि कापसाच्या पातळ थरावर मेण ओतून पान काढायचे. एका झाडाला अशी हजारो पाने! सगळ्यात अवघड जागा म्हणजे खरी माती संपते आणि मागच्या भिंतीवरचे चित्र सुरू होते ती. तो सांधा दिसला की सगळे फसले. कवितेतही असा एक सांधा असतो, पण ते राहू द्या.

रोहिताचे घरटे म्हणजे चिखलाचा बुटका बुरूज, वरून खोलगट. कच्छच्या रणातला हा पक्षी जर हिरवळीवर उभा केला, तर पिसे खरी असूनही देखावा खोटा ठरेल. कारागिराला म्हणूनच प्राण्याइतकीच त्याची जागा माहीत असावी लागते.

जागा खोटी सांगितली तर काय होते, याची एक गोष्ट आपल्या शेजारच्या खानदेशात घडली आहे. अभ्यासासाठी भरलेल्या पक्ष्याला देखावा नसतो. तो खणात आडवा पडलेला असतो. त्याची जमीन म्हणजे पायाला बांधलेली चिठ्ठी. पक्षी कुठे मिळाला, कधी मिळाला, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. रानपिंगळा या लहान घुबडाचे असे सातच नमुने जगात होते. त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेले. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने त्यांपैकी एक ब्रिटिश म्युझियममधून चोरला, त्याचा पेंढा नव्याने भरला आणि गुजरातेतल्या मांडवीत १९१४ साली आपणच मिळवला अशी चिठ्ठी बांधली. बड्या माणसाच्या अक्षरावर शंका कोण घेणार? अभ्यासक त्या पत्त्यावर जाऊन आले. पक्षी तिथे नव्हताच. तो नामशेष झाला असेच पुष्कळांनी धरून चालले होते.

पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने तो नमुना कसा भरला आहे ते बारकाईने तपासले. भरण्याची हातोटी डेव्हिडसनची निघाली. कारागिराचा हात लपत नाही. मग खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून तिने आणि तिच्या दोन सोबत्यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धुंडाळायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. शंभरावर वर्षांनी. घुबड असूनही सकाळच्या उजेडात, उघड्या फांदीवर बसलेला.