दुसऱ्या शस्त्रक्रियेचा इतिहास

स्तनवर्धनाचा आधुनिक इतिहास १९६२ पासून सांगितला जातो. त्या वर्षी ह्यूस्टनमध्ये क्रोनिन आणि गेरो या शल्यविशारदांनी टिमी जीन लिंडसे हिच्यावर पहिले सिलिकोन-रोपण केले. पण रोपण जन्मभराचे नसते. शरीर त्याभोवती तंतुमय आवरण विणते. कधी ते आवळते, कधी पिशवी फुटते, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

फ्रान्समधील पीआयपी कंपनीच्या पिशव्यांत औद्योगिक सिलिकोन असल्याचे २०१० साली उघड झाले. डिसेंबर २०११ मध्ये तेथील सरकारने सुमारे ३०,००० स्त्रियांना त्या काढून टाकण्याचा सल्ला दिला. २०१३ साली संस्थापकाला ४ वर्षांची कैद झाली.

निकालाची तारीख दप्तरात सापडते. जखम भरल्याची सापडत नाही. हात वर उचलता न येणाऱ्या त्या दिवसांपासूनच हा इतिहास लिहायला हवा, असे आम्हांस वाटते.