हेस्टिंग्जचा एक डाव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गांवीं १८९५ च्या ऑगस्ट महिन्यांत बुद्धिबळांचा मोठा सामना भरला. बावीस नामांकित खेळाडू तेथें जमले होते. त्यांत एकोणसाठ वर्षांचा विल्यम स्टाइनिट्झ होता. प्राग येथें जन्मलेला हा गृहस्थ १८८६ पासून जगज्जेता. परंतु १८९४ सालीं पंचवीस वर्षांच्या इमान्युएल लास्करनें त्याचें तें पद हिरावून घेतलें होतें. म्हाताऱ्याचा खेळ आतां संपला, असें कोणी म्हटलें असतें तर त्यांत नवल नव्हतें.

दहाव्या फेरींत त्याची गांठ कुर्त फॉन बार्डेलेबेन या जर्मन खेळाडूशीं पडली. याच सामन्यांत बार्डेलेबेननें लास्करलाही हरविलें होतें. पांढरीं मोहरीं स्टाइनिट्झकडे होतीं. त्यानें सुरुवात जुन्या इटालियन पद्धतीनें केली. ग्रेकोच्या सतराव्या शतकांतील हस्तलिखितांत ती आढळते. इटालियन भाषेंत तिला 'शांत खेळ' म्हणतात. हा डाव मात्र नांवापुरताच शांत राहिला.

राजाला हत्तीआड नेण्याची किल्लेकोटाची चाल काळ्यास साधली नाहीं, व त्याचा राजा पटाच्या मध्यावर अडकला. पांढऱ्यानें ही उणीव हेरली. सतराव्या चालीस त्यानें एक प्यादें बळी दिलें. मोकळ्या झालेल्या घरांत घोडा आला आणि पुढच्याच चालींत शत्रूच्या गोटांत शिरला. बाविसाव्या चालीस हत्तीनें राजापुढील घोडा मारून शह दिला. राजानें तो हत्ती मारावा तर शहांचा वर्षाव, वजिरानें मारावा तर एक मोहरें कायमचें गेलें. इकडे पांढऱ्याचा वजीरही काळ्या वजिराच्या तोंडीं उभा. काळ्यास एक चाल उसंत मिळती तर उलट पांढऱ्यासच मात बसती! पण उसंत मिळालीच नाहीं. राजा सरकला कीं तोच हत्ती त्याच ओळींत एक घर पुढें येऊन पुन्हां शह देई.

पंचविसाव्या चालीनंतर बार्डेलेबेन एक शब्दही न बोलतां उठून निघून गेला. घड्याळ चालूच राहिलें; वेळ संपल्यावर डाव पांढऱ्याचा ठरला. हार कबूल न करण्याची ही तऱ्हा खेळाडूस शोभणारी नव्हे. स्टाइनिट्झनें मात्र जमलेल्या प्रेक्षकांस पुढील दहा चालींची मात पटावर मांडून दाखविली.

सामना अमेरिकेच्या पिल्सबरीनें जिंकला, स्टाइनिट्झ पांचवा आला. पण उत्कृष्ट डावाचें पहिलें पारितोषिक त्यालाच मिळालें. पुढें लास्करशीं पुन्हां झालेला सामना तो हरला, आणि १९०० सालीं न्यूयॉर्क येथें विपन्नावस्थेंत वारला.