अंत्यविधीची उमेदवारी

अमेरिकेंत एके काळीं शवपेटी करणारा सुतारच अंत्यविधीची व्यवस्था पाहत असे. त्याला परीक्षा कसली? १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें आणि रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे देह घरीं धाडण्यासाठीं रसायनांनीं शव टिकविण्याची कला पसरली. १८६५ सालीं लिंकनचा देहहि असाच टिकवून आगगाडीनें स्प्रिंगफील्डला नेला. व्हर्जिनियानें १८९४ सालीं परवान्याचा पहिला कायदा केला. पुढें शिक्षण, परीक्षा आणि जाणत्याच्या हाताखालीं उमेदवारी हा बहुतेक राज्यांचा शिरस्ता झाला. कोलोरॅडोनें मात्र १९८३ सालीं परवाना रद्द केला. मृतास तक्रार करतां येत नाहीं! २०२३ सालीं तेथें एका व्यावसायिकाच्या इमारतींत सुमारें १९० कुजलेले देह सांपडले. कित्येक आप्तांना रक्षा म्हणून काँक्रीटची भुकटी मिळाली होती. २०२४ सालीं कायदा पुन्हा झाला. त्यांत वर्षभराची उमेदवारीहि आली.