ऊतकमृत्यू, स्तनरोपणोत्तर

स्तनात इम्प्लांट बसवल्यानंतर रक्तपुरवठा तुटल्यामुळे त्यावरील त्वचा, चरबी किंवा स्तनाग्र यांतील ऊतक मरणे. सिलिकोन जेलचे पहिले इम्प्लांट टॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे बसवले. आज ही शस्त्रक्रिया स्तनाचा आकार वाढवण्यासाठी, तसेच कर्करोगामुळे काढलेल्या स्तनाच्या पुनर्रचनेसाठी करतात. ऊतकमृत्यूचा धोका पुनर्रचनेत अधिक असतो.

कारणे : स्तनग्रंथी काढताना तिच्यातून त्वचेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात. उरलेली त्वचा केवळ तिच्याखालील सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यावर जगते. त्वचेचा थर फार पातळ राहिला किंवा मोठ्या इम्प्लांटचा आतून ताण पडला, तर तेही रक्त अपुरे पडते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून धूम्रपान हे मोठे कारण ठरते. पूर्वीचे किरणोपचार, मधुमेह, स्थूलता, स्टेरॉइड औषधे आणि जंतुसंसर्ग यांनीही धोका वाढतो.

लक्षणे : त्वचा आधी फिकट किंवा जांभळट होते, फोड येतात आणि पुढे काळी खपली धरते. पुनर्रचनेनंतर त्वचा बधिर असल्याने वेदना जाणवेलच असे नाही. त्याच कारणाने गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेतल्यास भाजण्याची भीती असते. चरबी मेल्यास काही आठवड्यांनी वा महिन्यांनी टणक गाठ लागते. ती कर्करोगाच्या गाठीसारखी भासू शकते. अशा वेळी ऊतकाचा तुकडा तपासून निदान पक्के करतात.

उपचार व प्रतिबंध : वरवरची जखम मलमपट्टीने भरते. खोल जखमेतील मृत भाग कापून काढावा लागतो. इम्प्लांट उघडे पडले किंवा त्याला संसर्ग झाला, तर बहुधा ते काढून टाकतात. जखम भरल्यावर पुनर्रचनेचा पुन्हा विचार करता येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी इंडोसायनीन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून देऊन त्वचेतील रक्तप्रवाह पाहता येतो. प्रवाह क्षीण दिसल्यास पूर्ण आकाराच्या इम्प्लांटऐवजी हळूहळू फुगवता येणारा विस्तारक बसवतात. धूम्रपान शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच बंद करणे आवश्यक असते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णासोबत धोक्यांची यादी वाचून त्यावर रुग्णाची सही घेणे बंधनकारक केले. प्रत्येक स्त्रीला ही माहिती तिच्या भाषेत, निर्णयाआधी मिळालीच पाहिजे. त्वचेचा रंग बदलताच तिने पुढच्या तपासणीची वाट न पाहता शल्यचिकित्सकाला दाखवावे.