खलनायकाचा हिशेब

खेळांतील शत्रु म्हणजे मार खाण्यासाठीं उभें केलेलें बुजगावणें, अशी सर्वसाधारण समजूत असते. जॉर्ज मॅकडोनल्ड व स्टीव्ह पीटरसन यांनीं १९८१ सालीं अमेरिकेंत रचलेल्या ‘चँपियन्स’ या खेळांतील नमुन्याचे खलनायक पाहिले म्हणजे ती सोडून द्यावी लागते.

हा खेळ मेजाभोंवतीं बसून संभाषणानें व फांशांनीं खेळावयाचा. प्रत्येक खेळाडू एक महावीर होतो; त्यांचे शत्रु सूत्रधार चालवितो. १९७९ च्या ‘व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज’ या खेळांत वीराच्या अंगची शक्ति फांसा ठरवीत असे. येथें ती गुण मोजून घ्यावी लागते. पहिल्या आवृत्तींत प्रारंभीं १०० गुण मिळत. अधिक हवे असल्यास स्वतःस वैगुण्यें लावून घ्यावयाचीं: न आवरणारा क्रोध, पाठीस लागलेला वैरी, एखाद्या पदार्थाची बाधा. खलनायकही याच नियमानें घडतो. आपण चित्रकथेंत वावरतों असें मानून टेबल-टेनिसचे चेंडू झाडणारा फॉक्सबॅट व सजीवमात्राचा उच्छेद करूं पाहणारा यंत्रमानव मेकॅनॉन, दोघेही एकाच तराजूंत तोलले जातात.

हिरण्यकशिपूच्या वरांतच त्याच्या मृत्यूची फट राहिली होती, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. या खेळांत ती फट आधीं कागदावर मांडावी लागते. शत्रूस बलवान करावयाचें तर त्याचें दुखणें कोठें आहे हें प्रथम लिहावें लागतें. आणि तें एकदां लिहिल्यावर त्यास नुसता राक्षस म्हणून मोकळें होणें आम्हांस तरी कठीण वाटतें.