काळ्या शिवणयंत्राचे वय कसे वाचावे? #थ्रेड

घरातील जुन्या काळ्या सिंगर यंत्राच्या सरकत्या पट्टीवर कधी एकोणिसाव्या शतकातील एखादे साल कोरलेले आढळते आणि तेच यंत्राचे जन्मवर्ष म्हणून अभिमानाने सांगितले जाते. हे साल पेटंटचे असते. यंत्र त्यानंतर वीस-तीस वर्षांनीही घडलेले असू शकते.

खरा पुरावा अनुक्रमांकात आहे. बैठकीच्या उजव्या बाजूस, हातचाकाजवळ तो कोरलेला असतो. नुसते आकडे असतील तर यंत्र बहुधा १९०० पूर्वीचे. पुढे आकड्यांआधी इंग्रजी अक्षर आले : ‘जी’ म्हणजे न्यू जर्सीतील एलिझाबेथ, ‘एफ’ वा ‘वाय’ म्हणजे स्कॉटलंडमधील क्लाइडबँक. १८८५ च्या सुमारास उभा राहिलेला क्लाइडबँकचा अवाढव्य कारखाना १९८० साली बंद पडला. पण त्याच्या उत्पादननोंदींमुळे आजही अनुक्रमांकावरून यंत्राचे वर्ष सांगता येते.

यानंतर खालची पट्टी सरकवून पाहावी. होडीच्या आकाराचे शटल आणि त्यात लांबट, बारीक बॉबिन असेल तर घडण जुन्या पद्धतीची. गोल बॉबिन ही नंतर रूढ झालेली सोय. मात्र दोन्ही प्रकार बरीच वर्षे सोबतच बनत होते, म्हणून एवढ्यावरून साल ठरवू नये.

माहितीपुस्तिका हरवली असली तरी दोरा ओवता येतो. हातशिलाईच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला, तर यंत्राच्या सुईचे अणकुचीदार टोकाजवळ. एलियस हाऊ यांच्या १८४६ च्या पेटंटाचे मर्म हेच : सुई वरचा दोरा कापडाखाली नेते, तिथे त्याचा फास होतो आणि शटल त्यातून दुसरा दोरा घेऊन जाते. सुईच्या एका अंगास लांब खाच असते. दोरा नेहमी त्या अंगाने नेढ्यात घालावा. उलट ओवला की टाके सुटतात, आणि दोष बिचाऱ्या यंत्राला मिळतो.

आता दुरुस्ती. ‘जाम’ झालेले यंत्र सहसा मोडलेले नसते. आतले तेल वाळून चिकट झालेले असते. सांध्यांत थोडे रॉकेल सोडावे, दिवसभर थांबावे, मग चाक हाताने हलके फिरवावे आणि शेवटी मशीनचे तेल द्यावे. चाकावर जोर लावू नये.

खरी हानी होते ती चकाकीच्या हौसेने. सोनेरी वेलबुट्टीवर लाखेच्या रोगणाचा थर असतो. स्पिरिटने पुसताच तो विरघळतो आणि नक्षीही जाते. काही जण तर सरळ नवा रंग मारतात. यंत्राच्या पुढच्या कडेवरची झिजलेली नक्षी मला नव्या रंगाहून मोलाची वाटते. तिथे कापड सरकवणारा हात वर्षानुवर्षे घासला गेला आहे, आणि त्या हाताचे नाव कारखान्याच्या कोणत्याही वहीत नाही.

म्हणून फडके हाती घेण्याआधी अनुक्रमांकाचे आणि त्या झिजलेल्या कडेचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवा. यंत्र कोणी, कधी, किती हप्त्यांत घेतले हे ठाऊक असलेले कोणी घरात असेल, तर तेही सोबत लिहून ठेवा.