नोरोची ओळखपरेड

आपल्याकडे पोट बिघडलं की ‘काहीतरी बाधलं’ म्हणतात आणि चौकशी बहुधा तिथेच थांबते. दोष जातो कालच्या पाणीपुरीवर, नाहीतर परवाच्या लग्नातल्या बासुंदीवर. गावभर उलट्या-जुलाब लागले तर वर्तमानपत्रात ‘गॅस्ट्रोची साथ’ छापून येतं. बाधलं ते नेमकं काय, हा प्रश्न ऐरणीवर आला तो ऑक्टोबर १९६८मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी. तिथल्या ब्रॉन्सन प्राथमिक शाळेत दोन दिवसांत मुलं आणि शिक्षक मिळून २३२ पैकी ११६ जण ओकाऱ्यांनी बेजार झाले. मागोमाग त्यांच्या घरच्यांनाही लागण झाली. शौचाचे नमुने तपासले, पण नेहमीचे जंतू कुठेच सापडेनात. तोवर मुलं बरी होऊन बाकांवर येऊन बसलीही.

असल्या दुखण्याला झाहोर्स्की नावाच्या अमेरिकन बालवैद्यांनी १९२९मध्येच ‘हिवाळी ओकारीचा रोग’ असं नाव ठेवलं होतं. त्यापलीकडे फारसं काही हाती नव्हतं. नॉरवॉकचे नमुने मात्र जपून ठेवले गेले. ते बॅक्टेरिया अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळले आणि तो अर्क स्वयंसेवकांना प्यायला दिला. तेही आजारी पडले. म्हणजे जे काही होतं ते गाळणीतून पार होण्याइतकं बारीक होतं. हे स्वयंसेवक मेरीलँडच्या तुरुंगातले कैदी होते. तुरुंगात ‘स्वेच्छा’ या शब्दाचं वजन किती, हा प्रश्न आज वाचताना टोचतो. या रोगाची पहिली चाचणी उभी राहिली ती अशाच स्वयंसेवकांच्या रक्तावर.

विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता, आणि शौचाच्या नमुन्यात त्या मापाचे कण ढिगाने असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतला विषाणू कोणता आणि कचरा कोणता, हे ठरवणार कसं? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या अल्बर्ट कॅपिकियन यांनी युक्ती उचलली ती जून अल्मेडाबाईंची. ग्लासगोच्या या बाई सोळाव्या वर्षी शाळा सोडून इस्पितळात प्रयोगशाळा-सहायक म्हणून लागल्या आणि पुढे या सूक्ष्मदर्शकाच्या उस्ताद झाल्या. युक्ती अशी, की ज्याला रोग होऊन गेला त्याच्या रक्तात त्या विषाणूला धरणारी प्रतिपिंडं तयार झालेली असतात. त्याचा रक्तद्रव नमुन्यात मिसळायचा. प्रतिपिंडं हजार कचऱ्यातून नेमका आपला शत्रू ओळखतात, त्याला चिकटतात आणि त्याचे पुंजके करतात. १९७२मध्ये कॅपिकियन यांना तसे पुंजके दिसले. एकेक कण सुमारे २७ नॅनोमीटरचा. त्याच माणसाचा आजारापूर्वीचा रक्तद्रव मिसळला तर कणांवरचा थर विरळ, बरं झाल्यानंतरचा मिसळला तर दाट. साक्षीदाराने ओळखपरेडीत बोट दाखवावं तसंच हे झालं.

पण ही चाचणी दवाखान्यात येईना. प्रतिपिंडं मिळायची ती आजारातून उठलेल्या माणसाकडूनच, आणि तो रक्त देऊन देऊन किती देणार? १९७८च्या सुमारास किरणोत्सारी खूण लावून तपासायची पद्धत निघाली. तिलाही कच्चा माल लागायचा तो माणसाचाच.

मधल्या काळात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या कॅप्लन यांनी १९८२मध्ये चार गोष्टी मांडल्या. निम्म्याहून अधिक जणांना उलट्या, लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २४ ते ४८ तास, दुखणं १२ ते ६० तासांचं, आणि शौचात रोगकारक बॅक्टेरिया नाहीत. चारही जुळल्या तर साथ याच विषाणूची समजायची. शेवटच्या मुद्द्यापुरती प्रयोगशाळा, बाकी वही आणि पेन्सिल. चाचण्यांच्या या सगळ्या कुळात मला ही शाखा सर्वांत शहाणी वाटते.

१९९०मध्ये ह्यूस्टनला शी जियांग आणि मेरी एस्टिस यांनी विषाणूची जनुकं उलगडली. दोनच वर्षांनी किड्यांच्या पेशींत त्याची नुसती कवचं तयार करून घेतली. आता प्रतिपिंडं प्राण्यांकडून हवी तितकी मिळू लागली आणि माणसाच्या रक्तावरचं ओझं उतरलं. पण या विषाणूचे भाईबंद फार. एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला ओळखतच नाहीत. म्हणून विषाणूच्या जनुकांचा तुकडाच पकडणाऱ्या आरटी-पीसीआरकडे वळावं लागलं. तिथेही कुठला तुकडा पकडायचा हा घोळ होताच. तो बराचसा मिटवला २००३मध्ये जपानच्या कागेयामा आणि सहकाऱ्यांनी. जनुकांच्या पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्यांच्या सांध्यावरचा मजकूर भाईबंदांत सर्वांत कमी बदलतो, हे त्यांनी हेरलं. दरम्यान, २००२मध्ये या कुळाचं अधिकृत नाव ‘नोरोव्हायरस’ झालं होतं. गावाचं अर्धं नाव तेवढं त्यात उरलं.

पीसीआरचा दोष उलटा. माणूस बरा झाल्यावरही दोन-दोन आठवडे शौचातून विषाणू जात राहतो आणि चाचणी ‘आहे’ म्हणत राहते. आज पोटात कळ आली ती नोरोमुळेच, हे त्या एका अहवालावरून सांगता येत नाही. म्हणून साथीत एकाऐवजी अनेकांचे नमुने घेतात, तेही आजार अंगात असतानाच.

२००६मध्ये कॅप्लन यांच्या चार खुणा प्रयोगशाळेच्या निकालांशी ताडून पाहिल्या. नोरोच्या शंभरातल्या ६८ साथी त्यांनी पकडल्या, आणि जिथे बॅक्टेरियाची साथ होती तिथे त्या जवळजवळ कधीच फसल्या नाहीत.